एलईडी बल्ब घेताना फक्त वॅट बघताय? खोक्यावरचे हे आकडे आधी वाचा

नवीन फोन घ्यायचा म्हटलं की आपण काय काय बघतो! बॅटरी किती एमएएचची, रिफ्रेश रेट किती, चार्जर किती वॅटचा. चार रिव्ह्यू बघितल्याशिवाय खिशात हात जात नाही. आणि बल्ब? "काका, एक नऊ वॅटचा द्या." काका देतील तो घेऊन आपण घरी. मग पुढची दोन-चार वर्षं त्याच उजेडात आपण अभ्यास करतो, आई ओट्यावर भाजी चिरते आणि आजी रात्री बाथरूमपर्यंत चालत जाते.

फोनला जशी स्पेसिफिकेशन असतात तशी बल्बलाही असतात, आणि बहुतेक सगळी खोक्यावरच छापलेली असतात. ती वाचायला पाच मिनिटांत शिकता येतं. जे खोक्यावर नसतं त्यातलं बरंच काही तुमच्या हातातला फोन तपासू शकतो. या लेखात मी दोन्ही सांगणार आहे.

वॅट म्हणजे उजेड नाही, तो खर्चाचा आकडा आहे

वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो ते. जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात सगळे बल्ब एकाच पद्धतीने बनायचे, त्यामुळे ४०, ६०, १०० म्हटलं की उजेड किती पडेल याचा अंदाज यायचा. तीच सवय आपल्याला अजून आहे. एलईडीमध्ये मात्र दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नऊ वॅटचे बल्ब वेगवेगळा उजेड देतात.

उजेडाचा आकडा असतो लुमेन. ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० लुमेन द्यायचा आणि बाकीची बहुतेक वीज उष्णतेत घालवायचा. आजचा नऊ वॅटचा एलईडी ८०० ते १००० लुमेनच्या आसपास देतो. आता समजा, एका नऊ वॅटच्या खोक्यावर ७२० लुमेन लिहिलंय आणि दुसऱ्यावर ९९०. दोघांचं लाईट बिल सारखंच येणार, पण दुसरा सव्वापटीहून जास्त उजेड देणार.

म्हणून मी एक सोपा भागाकार करतो: लुमेन भागिले वॅट. हे झालं बल्बचं मायलेज. ८० आलं तर बेताचं, १०० किंवा त्याहून जास्त आलं तर चांगलं. खोक्यावर बीईईचे, म्हणजे फ्रीजवर असतात तसे स्टार असतात. तेही याच मायलेजवरून ठरतात. भागाकाराचा कंटाळा आला तर स्टार मोजा.

बिलात किती फरक पडतो? ६० वॅटचा बल्ब रोज ६ तास लावला तर वर्षाला साधारण १३१ युनिट होतात. नऊ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर २० युनिटसुद्धा पुरी होत नाहीत. युनिटला १० रुपये धरले तरी एका बल्बमागे वर्षाला अकराशे रुपये वाचतात. तुमचा खरा दर लाईट बिलावर स्लॅबप्रमाणे दिलेला असतो, तो घालून हिशेब करून बघा.

तुमच्या घरात पिवळा बल्ब बहुधा नसेलच, पण चोक-स्टार्टरवाली जुनी ट्यूब असू शकते. ती ४० वॅटची म्हणत असले तरी चोकसकट साधारण ५० वॅट खाते. तिच्या जागी २० वॅटची, २००० लुमेनची एलईडी पट्टी बसवली की काम होतं. जुन्या ट्यूबचा बराच उजेड छताकडे आणि भिंतीकडे जायचा, पट्टीचा बहुतेक उजेड खाली येतो.

एवढे स्वस्त कसे झाले?

२०१४ मध्ये सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बला साधारण ३१० रुपये पडत होते. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. एकगठ्ठा खरेदीमुळे हा दर २०१६ पर्यंत ४० रुपयांच्या खाली आला. या योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. लाईट बिल दाखवून बल्ब आणल्याचं तुमच्या घरात कोणाला तरी आठवत असेल.

स्वस्ताई आली ती चांगलीच गोष्ट झाली. पण आता बाजारात नाव-गाव नसलेले बल्बही ढीगभर आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक आत असतो, आणि म्हणूनच पुढचे आकडे महत्त्वाचे.

केल्विन: पिवळा, पांढरा की मधला?

एलईडीचा पांढरा उजेड मुळात पांढरा नसतो. आतली चिप निळा उजेड देते. तिच्यावर फॉस्फर नावाचा पिवळसर थर असतो. निळ्यातला काही भाग तो थर पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

फॉस्फर कसा आणि किती, यावर उजेडाची छटा ठरते. ती खोक्यावर केल्विनमध्ये लिहिलेली असते:

- २७०० ते ३००० केल्विन: पिवळसर, जुन्या बल्बसारखा. खोक्यावर "वॉर्म व्हाईट".
- ४००० केल्विन: मधला, ना पिवळा ना निळसर. "नॅचरल" किंवा "न्यूट्रल व्हाईट".
- ६५०० केल्विन: निळसर पांढरा. "कूल डेलाईट".

काहीच सांगितलं नाही तर दुकानदार बहुतेक वेळा ६५०० चा काढून देतो. तो झगझगीत दिसतो म्हणून लोकांना आवडतोही. पण झोपायच्या खोलीत रात्री दहा वाजता असा निळसर, प्रखर उजेड म्हणजे शरीराला "अजून दिवस आहे" असं सांगणं. फोनमध्ये आपण रात्री नाईट मोड लावून स्क्रीन पिवळी करतो ना? मग डोक्यावरचा बल्ब ६५०० चा ठेवून काय उपयोग?

माझं गणित असं: बेडरूममध्ये ३०००, अभ्यासाला आणि स्वयंपाकघरात ४०००, हॉलमध्ये घरच्यांना आवडेल तो. बाल्कनीत, ओसरीवर किंवा अंगणात मात्र पिवळाच. पावसाळ्यात पांढऱ्या दिव्याभोवती किड्यांचं संमेलन भरतं. पिवळ्याकडे त्यामानाने कमी येतात.

एक बारकावा: त्याच वॅटमध्ये पिवळ्या एलईडीचे लुमेन पांढऱ्यापेक्षा थोडे कमी असतात. म्हणून मायलेजची तुलना एकाच छटेच्या बल्बांमध्ये करा.

सीआरआय: साडी दारापाशी नेऊन का बघतात?

साडीच्या दुकानात आई किंवा मावशी साडी उचलून दारापाशी का नेते? दुकानातल्या लाईटमध्ये खरा रंग कळत नाही म्हणून. त्याच अनुभवाचं मोजमाप म्हणजे सीआरआय. उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा हा आकडा. सगळ्यात वर १००. जुना पिवळा बल्ब जवळपास १०० ला असायचा. एलईडीमध्ये ८० म्हणजे ठीक, ९० म्हणजे उत्तम.

सीआरआय कमी असला की लाल रंग सगळ्यात आधी मार खातो. टोमॅटो मळकट दिसतो, माणसाचा चेहरा आजारी वाटतो, सेल्फीत कातडीचा रंग विचित्र येतो. फिल्टर लावून तो सुधारत बसण्यापेक्षा बल्ब बदललेला बरा. आरशाजवळ, स्वयंपाकघरात आणि रीलसाठी व्हिडिओ काढता त्या कोपऱ्यात ९० चा मिळाला तर बघा. जिन्यात आणि माळ्यावर ८० पुरेसा आहे. खोक्यावर सीआरआय लिहिलेलाच नसेल तर मी तो बल्ब अभ्यासाच्या टेबलासाठी घेत नाही.

फ्लिकर: हे खोक्यावर नसतं, फोनने बघा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यामुळे बल्बचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होऊ शकतो. चांगल्या बल्बच्या आत ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं, ते हा चढउतार सपाट करतं. स्वस्त बल्बमध्ये तिथेच काटकसर केलेली असते. डोळ्यांना ही थरथर सहसा दिसत नाही, पण काहींना अशा उजेडात तासन्‌तास वाचल्यावर डोकं दुखतं, डोळे थकतात. परीक्षेच्या दिवसांत चष्म्याचा नंबर वाढला की काय म्हणून धावपळ करण्याआधी बल्बही तपासून बघा.

तपासायची पद्धत:

१. फोनचा कॅमेरा उघडून स्लो मोशन लावा. २४० फ्रेम असेल तर उत्तम.
२. खोलीत फक्त तोच एक बल्ब चालू ठेवा आणि त्याच्या उजेडात भिंतीचा पाच सेकंद व्हिडिओ काढा.
३. व्हिडिओत भिंत धकधक करत असेल किंवा पट्टे सरकताना दिसत असतील तर फ्लिकर आहे. भिंत स्थिर दिसली तर बल्ब चांगला.

स्लो मोशन नसेल तर प्रो मोडमध्ये शटर स्पीड एक हजारांश सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि स्क्रीनवर आडवे पट्टे येतात का बघा. साध्या मोडवर भरवसा ठेवू नका, कारण तिथे फोन हे पट्टे स्वतःच लपवायचा प्रयत्न करतो.

फोनही नको असेल तर बल्बखाली पेन्सिल जोरात हलवा. एकसारखा धूसर पंखा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या बऱ्याच पेन्सिली दिसल्या तर तो बल्ब अभ्यासाच्या टेबलावरून काढून पोटमाळ्यावर लावा. घरात लेथ, ड्रिल किंवा असं फिरतं मशीन असेल तर तिथे फ्लिकरवाला बल्ब अजिबात नको. फिरणारा भाग हळू चाललाय किंवा थांबलाय असा भास होऊ शकतो, आणि त्यात बोट जाऊ शकतं.

कुठल्या खोलीत किती लुमेन?

मी वापरतो तो ढोबळ हिशेब असा:

- दहा बाय दहाची खोली: सुमारे २००० लुमेन, म्हणजे २० वॅटची एक पट्टी किंवा नऊ वॅटचे दोन बल्ब.
- बाथरूम, जिना, पॅसेज: ५०० ते ७०० लुमेन.
- रात्रभर ठेवायचा दिवा: अर्ध्या वॅटचा पिवळा पुरतो.

म्हणजे अख्ख्या हॉलला नऊ वॅटचा एकच बल्ब लावून "एलईडीचा उजेड पडत नाही" म्हणणं बरोबर नाही.

पण नुसते लुमेन वाढवून काम होत नाही, दिवा कुठे आहे तेही बघावं लागतं. ओट्यापाशी उभं राहिलं की छतावरची ट्यूब आपल्या पाठीमागे येते आणि आपलीच सावली विळीवर पडते. तिथे छतावर मोठा बल्ब लावण्यापेक्षा ओट्यावरच्या कपाटाखाली पाच वॅटची छोटी पट्टी लावा. अभ्यासाचंही तसंच. छोट्या दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो. टेबलापासून दीड फुटावरचा पाच वॅटचा लॅम्प वहीवर जेवढा उजेड पाडतो, तेवढा सात फुटांवरची २० वॅटची पट्टीही पाडत नाही. डाव्या हाताने लिहीत असाल तर लॅम्प उजवीकडे ठेवा, उजव्या हाताने लिहीत असाल तर डावीकडे.

हे फोनने मोजताही येतं. उजेड बघून स्क्रीन आपोआप कमी-जास्त होते, कारण फोनमध्ये लाईट सेन्सर असतो. कुठलंही लक्स मीटर ॲप घ्या, फोन टेबलावर स्क्रीन वर करून ठेवा. ऑफिसातल्या टेबलासाठी साधारण ५०० लक्स धरतात. फोनचा आकडा अचूक नसतो, पण "आधी १५०, लॅम्प लावल्यावर ४५०" अशी तुलना करायला तो उत्तम.

खरा की नकली?

एलईडी बल्बला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर आयएस १६१०२ हा क्रमांक आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर हे सरकारी ॲप फोनमध्ये घ्या आणि त्यात हा क्रमांक टाका. नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. खोक्यावरची कंपनी वेगळी आणि ॲपमधली वेगळीच निघाली, किंवा क्रमांकच सापडला नाही, तर तो बल्ब ठेवून द्या. दुकानात उभ्या उभ्या एक मिनिटाचं काम आहे.

२५,००० तास लिहिलंय, मग दोन वर्षांत का उडतो?

रोज ६ तासांनी २५,००० तास म्हणजे अकरा वर्षं होतात. पण हा आकडा बहुतेक वेळा एलईडी चिपचा असतो, आणि तोही उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा. आधी मरतो तो ड्रायव्हर, विशेषतः त्यातला कपॅसिटर. त्याचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. बंद काचेच्या गोळ्यात १२-१५ वॅटचा बल्ब कोंबला की तो आत भाजून निघतो. अशा ठिकाणी कमी वॅटचा लावा किंवा हवा खेळती राहील असा शेड घ्या.

दुसरा शत्रू म्हणजे व्होल्टेजचे झटके. गावाकडे लाईट जाते-येते, शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. तिथे खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट अशी रुंद मर्यादा आणि ४ केव्हीसारखं सर्ज संरक्षण लिहिलेला बल्ब थोडा महाग पडला तरी घ्या.

वॉरंटीसाठी एक सवय लावा: बल्ब लावताना मार्करने बुडावर तारीख लिहा आणि बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवा. वॉरंटीत बल्ब बदलून मिळतो, पण बिलाअभावी आपण तो फेकून देतो.

आणि हो, उडालेला बल्ब उघडून जळालेली चिप शॉर्ट करायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बऱ्याच बल्बमध्ये आतली प्लेट थेट मेनच्या विजेला जोडलेली असते. चालू होल्डरमध्ये उघड्या बल्बला हात लागला तर जिवावर बेतू शकतं. पन्नास-शंभर रुपयांच्या बल्बसाठी हा धोका घेऊ नका.

बटण बंद, तरी बल्ब मंद चालू?

रात्री बटण बंद केल्यावरही एलईडी अंधुक मिणमिणताना दिसतो का? बटणात छोटा इंडिकेटर दिवा असेल तर त्यातून जाणारी किंचितशी वीज एलईडीला पुरते. तेवढंच कारण असेल तर घाबरायचं नाही. पण इंडिकेटर नसताना असं होत असेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असू शकतं. म्हणजे बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट आहे. बल्ब बदलताना शॉक बसू शकतो. अशा वेळी मेन स्विच बंद केल्याशिवाय होल्डरला हात लावू नका आणि वायरमनला बोलावून जोडणी तपासून घ्या.

स्मार्ट आणि इन्व्हर्टर बल्ब घ्यावेत का?

स्मार्ट बल्ब मजेचे आहेत. एकाच बल्बात पिवळा-पांढरा दोन्ही मिळतो आणि उजेड कमी-जास्त करता येतो. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. बहुतेकांना २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय लागतं. भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं, नाहीतर ॲप चालत नाही. आणि लाईट जाऊन आली की रात्री दोन वाजता बल्ब पूर्ण उजेडाने पेटू शकतो. ॲपमध्ये "वीज आल्यावर काय करायचं" अशी सेटिंग असेल तर ती आधी बदला.

लोडशेडिंग असेल तर आत बॅटरी असलेला इन्व्हर्टर बल्ब जास्त कामाचा. लाईट गेली तरी तो कमी उजेडात काही तास चालतो. अट एकच: चार्ज होण्यासाठी त्याचं बटण रोज काही तास चालू हवं. जिन्यात किंवा आजी-आजोबांच्या खोलीत असा एक असावाच. बॅटरी फोनसारखीच असते, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत बॅकअप कमी होणार हे धरून चाला.

दुकानात जाण्याआधी

१. होल्डर बघा: पिनचा असेल तर बी२२, आट्यांचा असेल तर ई२७.
२. लुमेन भागिले वॅट: १०० च्या आसपास.
३. केल्विन: खोलीप्रमाणे.
४. सीआरआय: ८० च्या वर, अभ्यासाला जमल्यास ९०.
५. बीआयएस क्रमांक: ॲपमध्ये टाकून.
६. आधी एकच बल्ब आणा, घरी स्लो मोशनमध्ये फ्लिकर बघा, पास झाला की बाकीचे आणा.

सगळे बल्ब एकदम बदलायची गरज नाही. आज रात्री फक्त अभ्यासाच्या टेबलावरचा आणि घरातलं वयस्कर माणूस रात्री जिथून चालतं तिथला, असे दोन दिवे तपासा. त्या दोन ठिकाणी चांगला बल्ब सगळ्यात आधी हवा.